उपक्रमाच्या शेवटी मुलाच्या हातात पुस्तक असावे

वाचक भगिनीचे पत्र : मी माध्यमिक शाळेत भाषा विषय शिकवते आणि गेल्या वर्षापासून शाळेच्या ग्रंथालयाची जबाबदारीही माझ्याकडे आली आहे. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक ग्रंथालयाचा तास असतो. मुले येतात, पुस्तक बदलतात, नोंदवहीत सही करतात आणि उरलेल्या वेळात गप्प बसतात किंवा दुसऱ्या विषयाचा गृहपाठ उरकतात. सहकारी शिक्षक या तासाला मोकळा तास समजतात, तर ग्रंथालयात ‘काहीतरी उपक्रम’ व्हावेत अशी मुख्याध्यापकांची अपेक्षा आहे. इंटरनेटवर शोधले तर शेकडो कल्पना सापडतात; पण त्यांतल्या बहुतेक सजावटीच्या, स्पर्धांच्या किंवा पुष्कळ सामान लागणाऱ्या असतात. माझ्याकडे पुस्तकांची काही कपाटे आहेत, त्यांतली निम्मी पुस्तके जुनी आहेत, संगणक एकच आहे आणि वेगळा निधी नाही. यातून नेमके काय निवडावे, साहित्य कुठून मिळवावे आणि केलेल्या कामाचा अहवाल कसा द्यावा?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापुढे कल्पनांची टंचाई नाही, त्या निवडण्यासाठी कसोटी हवी आहे. म्हणून कोणताही उपक्रम हाती घेण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हा उपक्रम संपेल तेव्हा मुलाच्या हातात पुस्तक असेल का, आणि ते वाचायचे म्हणून त्याने घेतलेले असेल का? रंगीत फलक, घोषवाक्यांची स्पर्धा, ‘वाचनाचे महत्त्व’ या विषयावरचा निबंध या सगळ्यांतून एकही पुस्तक न उघडता बक्षीस मिळवता येते. सजावटीला माझा विरोध नाही. आठवड्याला एकच तास मिळत असताना तो त्यावर खर्च होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. सर्वांत जास्त पुस्तके वाचणाऱ्याला पारितोषिक देण्याची पद्धत मात्र मी स्पष्टपणे टाळायला सांगेन. त्यामुळे मुले पातळ पुस्तके शोधू लागतात, आणि सावकाश पण मनापासून वाचणारे मूल पहिल्याच महिन्यात स्वतःला हरलेले समजू लागते.

ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेली पाच सूत्रे तुम्ही ऐकली असतील. त्यांपैकी प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे हे दुसरे सूत्र शाळांमध्ये बऱ्यापैकी लक्षात ठेवले जाते. पण प्रत्येक पुस्तकालाही त्याचा वाचक मिळावा, या तिसऱ्या सूत्राकडे दुर्लक्ष होते. बंद कपाटात केवळ कणा दिसेल अशा रीतीने ठेवलेले पुस्तक, ज्या मुलाला त्याचे नाव आधीपासून ठाऊक नाही त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा पहिले काम बिनखर्चाचे आहे : दर आठवड्याला दहा-बारा पुस्तके बाहेर काढून टेबलावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर मुखपृष्ठ समोर येईल अशी मांडावीत. ही मांडणी ‘विज्ञान’, ‘चरित्र’, ‘कथा’ अशा विषयवार गठ्ठ्यांनी न करता एखाद्या प्रश्नाभोवती किंवा कल्पनेभोवती करावी. ‘रात्री जागे राहणारे’ अशी पाटी लावली की घुबडाची माहिती, आकाशनिरीक्षणाचे पुस्तक, दीपगृहावरची कथा आणि रात्रपाळीत काम करणाऱ्या एखाद्या संशोधकाचे चरित्र शेजारी-शेजारी येतात, आणि एरवी गोष्टींपलीकडे न जाणारे मूल माहितीपर पुस्तकाला हात लावते. ‘चुकून लागलेले शोध’, ‘परत न आलेले प्रवासी’, ‘घर सोडावे लागलेली माणसे’ असे विषय तुम्हाला आपोआप सुचत जातील. पुढेपुढे ते मुलांनाच सुचवू द्यावेत आणि पुस्तकेही त्यांनाच निवडू द्यावीत, कारण निवडण्यासाठी त्यांना कपाट धुंडाळावे लागते.

या मांडणीला जोडूनच दोन-तीन मिनिटांचा पुस्तक परिचय ठेवावा. आपल्याकडे पुस्तक परिचय म्हटले की लेखकाचा जन्म, त्याची ग्रंथसंपदा, मिळालेले पुरस्कार आणि शेवटी पुस्तकातून मिळणारी शिकवण असा साचा ठरलेला असतो, आणि तो ऐकून कोणालाही पुस्तक वाचावेसे वाटत नाही. त्याऐवजी पुस्तकातले एकच पान निवडावे, प्रसंग कळण्यापुरती दोन वाक्ये बोलावीत, ते पान नीट वाचून दाखवावे आणि जिथे काय होणार हे कळायला हवे असते तिथेच थांबावे. ज्या पुस्तकाबद्दल बोलायचे ते त्याच क्षणी देण्यासाठी हाताशी असावे. एकाहून अधिक मुलांनी मागितले तर आतल्या पानावर कागदाची पट्टी चिकटवून तीवर नावे क्रमाने लिहून घ्यावीत. काही आठवड्यांनी हा परिचय मुलांकडे सोपवावा. वर्गमित्राने सांगितलेल्या पुस्तकाला जी मागणी येते ती शिक्षकाने सांगितलेल्या पुस्तकाला क्वचितच येते, हे तुम्हाला लवकरच दिसेल.

प्रकट वाचनाविषयीही एक आग्रह धरावासा वाटतो. मुलांना स्वतः वाचता येऊ लागले की आपण त्यांना वाचून दाखवणे बंद करतो. वास्तविक तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनाही ऐकायला आवडते, आणि ज्यांचा वाचनाचा वेग कमी आहे त्यांना आपल्या वयाला साजेशी, आशयाने भारी पुस्तके अनुभवण्याचा तोच एक मार्ग असतो. तासाची पहिली दहा मिनिटे एका लांब कथेसाठी राखून ठेवावीत आणि ती दर आठवड्याला पुढे न्यावी. वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरे घेऊ नयेत. मुले आपण होऊन बोलू लागली तर जरूर बोलू द्यावे.

आता तुम्ही ज्याला अडचण म्हटले आहे त्या जुन्या पुस्तकांकडे येते, कारण मला ते तुमचे सर्वांत मोठे भांडवल वाटते. फाटलेली, बुरशी लागलेली, अक्षर न लागणारी पुस्तके रीतसर निर्लेखन करून, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदीतून कमी करून, काढलीच पाहिजेत. गच्च भरलेल्या कपाटापेक्षा निवडक पुस्तकांचे मोकळे कपाट जास्त वापरले जाते. परंतु ज्यांतली माहिती केवळ कालबाह्य झाली आहे अशी धडधाकट पुस्तके एका वेगळ्या फळीवर ठेवावीत आणि विज्ञान, भूगोल, इतिहास या विषयांच्या शिक्षकांना ती दाखवावीत. २००६ पूर्वी छापलेल्या खगोलशास्त्राच्या पुस्तकात सूर्यमालेत नऊ ग्रह असतात, कारण त्या वर्षी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लुटो बटुग्रह ठरला. २०११ पूर्वीच्या नकाशासंग्रहात दक्षिण सुदान हा देश सापडत नाही. आवर्तसारणीत ११३, ११५, ११७ आणि ११८ या क्रमांकांच्या मूलद्रव्यांना आजची नावे २०१६ मध्ये मिळाली, त्यामुळे आधीच्या तक्त्यांत त्या जागी तात्पुरती नावे किंवा रिकामे चौकोन दिसतात.

यावर आधारलेला एक तास कसा घ्यावा ते थोडे तपशिलाने सांगते. चार-चार मुलांच्या गटाला एकाच विषयावरची दोन पुस्तके द्यावीत, एक जुने आणि एक नवे. दोन्हींत जुळत नाही अशी किमान एक गोष्ट त्यांनी शोधायची. ती सापडली की लगेच ‘जुने चुकीचे’ असा शेरा न मारता आधी दोन्ही पुस्तकांची प्रकाशनवर्षे पाहायची, मग तिसऱ्या साधनात पडताळायचे, आणि माहिती बदलली की मुळातच चुकीची होती हे ठरवायचे. हे शोधताना मुले शीर्षकामागचे पान, आवृत्ती, पुनर्मुद्रण, अनुक्रमणिका आणि शेवटची सूची यांचा वापर कोणी ‘शिकवल्या’शिवाय करू लागतात, कारण आता त्यांना त्याची गरज असते. पहिल्या आवृत्तीचे वर्ष आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष यांतला फरक याच तासात नीट समजतो : कालपरवा छापलेल्या पुस्तकातला मजकूर तीस वर्षांपूर्वीचा असू शकतो, हे कळल्यावर मुले नव्याकोऱ्या मुखपृष्ठावर लगेच विश्वास ठेवत नाहीत. शेवटी गटाने एका चिठ्ठीवर ‘पान अमुक : ही माहिती अमुक वर्षी बदलली’ असे लिहून ती चिठ्ठी त्या पुस्तकात जोडायची. पुस्तक कपाटात परत जाते ते मुलांच्या टिपणासह, आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाला ते टिपण वाचण्यासाठी पुस्तक उघडावे लागते. हा तास भूगोलाच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकांसोबत घेतलात तर ग्रंथालयाचा तास मोकळा असतो, ही समजूत दूर करण्यासाठी वेगळे काही सांगावे लागणार नाही.

सहकाऱ्यांबद्दल तुम्ही थोड्या खेदाने लिहिले आहे. ‘ग्रंथालयाचा उपयोग करून घ्या’ अशी सर्वसाधारण विनंती कोणीच मनावर घेत नाही, कारण प्रत्येकाला अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. त्याऐवजी एकाच शिक्षकाकडे जावे, पुढच्या पंधरवड्यात कोणता घटक शिकवला जाणार आहे ते विचारावे, आणि त्या घटकावरची पाच-सहा पुस्तके पानांवर खुणा घालून वर्ग सुरू होण्यापूर्वी त्यांच्या टेबलावर ठेवावीत. गणिताच्या शिक्षकांना कदाचित आश्चर्य वाटेल. तरीही संख्यांच्या इतिहासावरचे, कोड्यांचे किंवा एखाद्या गणितज्ञाच्या चरित्राचे पुस्तक तुमच्याकडे असेल तर त्यांच्यापासूनच सुरुवात करावी, कारण ग्रंथालय म्हणजे भाषाविषयाचे पुरवणी दालन, हा समज त्याने सर्वांत लवकर मोडतो.

वर्गीकरणाचा विषय मुलांना कंटाळवाणा वाटतो असे मानून आपण तो टाळतो, पण त्यात शोधाचा आनंद आहे. मेलविल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेली, प्रत्येक विषयाला क्रमांक देणारी दशांश वर्गीकरण पद्धत तुमच्या ग्रंथालयात असेल तर मुलांना पुढील प्रश्न द्यावेत आणि उत्तर फळीवर शोधायला लावावे. मगरी ५९७.९ मध्ये आणि पक्षी ५९८ मध्ये असताना डायनासोर मात्र दूर ५६७.९ मध्ये का बसले आहेत? लोककथा गोष्टीच असतात, तरी त्या ८०० च्या साहित्यात न राहता ३९८.२ मध्ये, समाजशास्त्रांच्या दालनात का? खेळ ७९६ मध्ये, म्हणजे कलांच्या वर्गात का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की आज डायनासोरांचा अभ्यास जीवाश्मांवरून होतो आणि ५६० हा जीवाश्मांचा विभाग आहे; पण ते सांगण्याची घाई करू नये. मुले वाद घालतात, आणि वाद मिटवण्यासाठी पुस्तके काढून पाहतात. तुमच्याकडे हे वर्गीकरण नसेल तर वीस मिश्र पुस्तके एका गटापुढे ठेवून ‘यांचे गट पाडा आणि प्रत्येक गटाला नाव द्या’ एवढेच सांगावे. दुसऱ्या गटाने वेगळे गट पाडलेले दिसले की वर्गीकरण हा निर्णय असतो, हे त्यांना उमगते.

ज्या मुलांना वाचन जड जाते त्यांच्यासाठी वाचिक नाट्य फार उपयोगी पडते. वेशभूषा नको, पाठांतर नको. कथेतले संवाद आणि निवेदन वाटून घ्यायचे आणि हातात कागद धरूनच सादर करायचे. सादरीकरणाच्या निमित्ताने तोच मजकूर अनेकदा वाचला जातो, आणि एरवी ‘पुन्हा वाच’ म्हटल्यावर होणारा अपमान इथे होत नाही. लहान वर्गांसाठी जपानी कामिशिबाई, म्हणजे कागदी चित्रनाट्य, करून पाहावे. खोक्याच्या पुठ्ठ्याची चौकट आणि जाड कागदावरची आठ-दहा चित्रे एवढेच साहित्य लागते. मात्र मजकूर कुठे लिहायचा हे मुलांना आधी समजावून द्यावे. प्रत्येक चित्राचा मजकूर त्याच चित्राच्या मागे लिहिला तर निवेदकाला तो दिसत नाही. पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या कागदाच्या पाठीवर, दुसऱ्याचा पहिल्याच्या पाठीवर, तिसऱ्याचा दुसऱ्याच्या पाठीवर असा लिहावा लागतो. म्हणजे दाखवून झालेला कागद सर्वांत मागे सरकवला की निवेदकासमोर नेमका पुढचा मजकूर येतो. गोष्ट ग्रंथालयातल्या पुस्तकातून घेतलेली असावी आणि सादरीकरणानंतर ते पुस्तक प्रेक्षकांपुढे ठेवावे, म्हणजे आपल्या कसोटीलाही ते उतरते.

साहित्य कुठून मिळवावे, या तुमच्या प्रश्नाला एकाच संगणकाची मर्यादा धरून उत्तर देते. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेले स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ सर्वांत आधी पाहावे. मराठीसह अनेक भाषांतली सचित्र बालपुस्तके तिथे वाचनाच्या पातळीनुसार लावलेली आहेत; ती उतरवून घेता येतात, छापता येतात आणि क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यामुळे, म्हणजे ठरावीक अटींवर इतरांना वापराची मोकळीक देणाऱ्या परवान्यामुळे, त्यांचा अनुवादही करता येतो. भाषाशिक्षक म्हणून तुमच्यासाठी ही विशेष संधी आहे : मोठ्या वर्गातील मुलांनी एक छोटे चित्रपुस्तक दुसऱ्या भाषेतून मराठीत आणावे किंवा घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेत न्यावे, छापून शिवावे आणि लहान वर्गाला वाचून दाखवावे. प्रताधिकारमुक्त (कॉपीराइट नसलेल्या) जुन्या साहित्यासाठी मराठी विकिस्रोत आहे. इंग्रजीसाठी १९७१ पासून चाललेला प्रोजेक्ट गुटेनबर्ग आहे. आणि तशाच पुस्तकांची स्वयंसेवकांनी केलेली ध्वनिमुद्रणे लिब्रिव्हॉक्सवर २००५ पासून उपलब्ध होत आली आहेत. ध्वनिमुद्रण ऐकवताना मुलांपुढे छापील मजकूर ठेवला तर उच्चार आणि अक्षर यांची सांगड बसते. फलकासाठी आणि प्रदर्शनासाठी चित्रे हवी असतील तर ती विकिमीडिया कॉमन्सवरून घ्यावीत आणि प्रत्येक चित्राखाली त्याच्या कर्त्याचे नाव लिहावे.

इथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. इंटरनेटवर फुकट सापडते ते सगळेच वापरायला मोकळे असते असे नाही. एखाद्या लेखकाच्या प्रताधिकार अजून लागू असलेल्या पुस्तकाची कोणीतरी चढवलेली प्रत शाळेने उतरवून वाटणे योग्य नाही, आणि ग्रंथालयाने तर ते मुळीच करू नये. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवानेही सारखे नसतात. काहींत बदल करण्यास मनाई असते, आणि अनुवाद हाही बदलच मानला जातो, म्हणून अनुवादाचा उपक्रम घेण्यापूर्वी परवान्याची ओळ वाचून पाहावी. ही ओळ मुलांनाच शोधायला लावली तर तोही ग्रंथालयाचा एक चांगला तास होतो.

वर्षभराच्या आखणीसाठी काही दिवस हाताशी असू द्यावेत : हॅन्स ख्रिश्चन अँडरसन यांचा जन्मदिन, २ एप्रिल, हा आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून १९६७ पासून साजरा होतो, २३ एप्रिल हा युनेस्कोने १९९५ मध्ये जाहीर केलेला पुस्तक व प्रताधिकार दिन आहे, ८ सप्टेंबर हा साक्षरता दिन, आणि ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय शालेय ग्रंथालय महिना मानला जातो. यांतला एखादा दिवस सोयीचा वाटला तर घ्यावा, सगळे साजरे करण्याची आवश्यकता नाही. दिनविशेषांच्या मागे लागले की पुन्हा फलक आणि भाषणे यांतच वेळ जातो.

सगळ्या कल्पना एकदम सुरू करू नयेत. पहिल्या सत्रात मुखपृष्ठ समोर ठेवून मांडणी, पुस्तक परिचय आणि दहा मिनिटांचे प्रकट वाचन एवढेच नियमित चालावे. दुसऱ्या सत्रात एका सहकारी शिक्षकाबरोबर जुन्या-नव्या पुस्तकांचा तास घ्यावा आणि तो जमला तर दुसऱ्या विषयाकडे वळावे.

अहवालाचे काम देवघेव नोंदवहीवरूनच होईल, त्यासाठी छायाचित्रांची गरज नाही. दर महिन्याला तीन गोष्टी काढाव्यात : प्रत्येक वर्गाने एकूण किती पुस्तके नेली, मांडणीत किंवा परिचयात आलेल्या पुस्तकांपैकी किती बाहेर गेली, आणि वर्षानुवर्षे न हललेली कोणती पुस्तके या महिन्यात प्रथमच कोणीतरी नेली. आकडे वर्गांचे असावेत, मुलांचे नसावेत. कोणते मूल काय वाचते हे त्याचे खासगी आहे आणि ते फलकावर लावले की मुले दाखवण्यासाठी पुस्तके नेऊ लागतात. या तीन आकड्यांच्या खाली, मुलांनी मागितलेली पण ग्रंथालयात नसलेली पुस्तके व विषय यांची यादी जोडावी. निधी मिळण्याची वेळ येईल तेव्हा खरेदीसाठी हीच यादी मुख्याध्यापकांपुढे ठेवता येईल, आणि तिच्याबरोबर वर्षभराचे आकडेही असतील.